सोमवारची पोटदुखी आणि मानसशास्त्रातील दृष्टिकोन : एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने विचारले आहे : "एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, पीयूसी (अकरावी-बारावी) बेळगावात कला शाखेतून केली आणि आता बी.ए.ला मानसशास्त्र घेतले आहे. पुस्तकात संरचनावाद, वर्तनवाद, मनोविश्लेषण, मानवतावाद, बोधात्मक दृष्टिकोन असे एकामागून एक येतात आणि प्रत्येक जण आधीच्याला खोडून काढतो. यांतले खरे कोणते मानायचे? घरचे म्हणतात, आता तू आमच्या मनातले ओळखशील. तसे काही या विषयात असते का?"

तुमचा गोंधळ तुमच्या आकलनातील उणिवेमुळे झालेला नाही. पाठ्यपुस्तके हे दृष्टिकोन राजवटींसारखे मांडतात. एक गेली, दुसरी आली. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की शेवटची राजवट तेवढी खरी आणि बाकीच्या परीक्षेपुरत्या पाठ करायच्या. मी सव्वीस वर्षे बेळगावात समुपदेशन आणि अध्यापन करत आहे. माझा अनुभव असा की समोर एक माणूस ठेवून वाचल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. म्हणून आपण एक माणूस समोर ठेवू.

सोळा वर्षांची एक मुलगी आहे असे समजा. ही कोणी एक मुलगी नव्हे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून माझ्याकडे आलेल्या अनेक मुलांवरून मी ती येथे उभी केली आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत ती नेहमी पहिल्या पाचांत होती. नंतर तिने विज्ञान शाखेत इंग्रजी माध्यमात पीयूसीला प्रवेश घेतला. दोनेक महिन्यांनी दर सोमवारी सकाळी तिच्या पोटात दुखू लागले. आजी म्हणाली, नजर लागली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि काही निघाले नाही. शिक्षकांचे मत पडले की मुलीचे लक्ष नाही. वडील म्हणाले, नाटक करते. ती स्वतः एवढेच सांगत होती की बसमध्ये चढताना पोटात गोळा येतो.

तिच्याकडे शरीराच्या अंगाने पाहणारा म्हणेल की पोटदुखी खरी आहे, आणि हे सर्वप्रथम वडिलांना सांगितले पाहिजे. धोक्याची जाणीव झाली की मेंदूकडून निघालेले संदेश हृदयाचे ठोके वाढवतात, स्नायूंकडे रक्त वळवतात आणि पचनाचे काम मागे टाकतात. वॉल्टर कॅनन हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ क्षकिरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराच्या हालचाली पाहत असताना त्यांना आढळले की मांजर घाबरले किंवा चिडले की त्या हालचाली थांबतात. आपल्या भाषेने 'पोटात गोळा' हा शब्दप्रयोग हवेतून घेतलेला नाही. मात्र याच दृष्टिकोनाची एक कडक शिस्तही आहे : रक्तक्षय, थायरॉइड, आतड्यांचे विकार हे वैद्यकीय तपासणीने बाजूला सारल्याशिवाय कोणत्याही मानसशास्त्रज्ञाने 'हे मनाचे आहे' असे म्हणू नये.

वर्तनवादी वेगळा प्रश्न विचारतो : पोट दुखल्यानंतर पुढे काय घडते? घडते असे की ती घरी राहते, दहा वाजेपर्यंत दुखणे ओसरते आणि संध्याकाळपर्यंत ती छान असते. येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण या एका संकल्पनेवर विद्यार्थी हमखास चुकतात. वर्तनवादी स्किनर यांच्या साधक अभिसंधानात, म्हणजे परिणामांवरून वर्तन शिकले जाते या मांडणीत, 'नकारात्मक प्रबलन' (प्रबलन म्हणजे वर्तन बळकट करणे) म्हणजे शिक्षा नव्हे. एखाद्या वर्तनानंतर काही त्रासदायक गोष्ट दूर होत असेल आणि त्यामुळे ते वर्तन पुढे वाढत असेल, तर त्याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. घरी राहिल्याने भीती दूर होते, म्हणून घरी राहणे बळकट होते. यात नाटक कोठेही नाही. तिला स्वतःलाही हा हिशेब ठाऊक नसतो. आईने मायेने दिलेली मऊ भाताची वाटी आणि वडिलांचा "राहू दे आजचा दिवस" हा शब्द, दोन्ही नकळत त्याच साखळीत गुंफले जातात. बस दिसताच गोळा येणे हा त्याआधीचा दुवा आहे आणि तो रशियन शरीरशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या अभिजात अभिसंधानाने, म्हणजे दोन गोष्टी जोडल्या जाऊन होणाऱ्या शिकण्याने, समजतो : वर्गातल्या अपमानाशी जोडली गेल्याने मुळात निरुपद्रवी असलेली बस स्वतःच भीतीचा चेतक, म्हणजे भीती जागी करणारी गोष्ट, झाली. पाव्हलॉव्ह मानसशास्त्रज्ञ नव्हते. १९०४चे नोबेल त्यांना पचनसंस्थेच्या अभ्यासासाठी मिळाले होते. घंटा वाजताच कुत्र्याला लाळ सुटते या त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगाच्या पलीकडे जाऊन हे पाहिले, तर भीती कशी टिकते आणि कशी सोडवता येते याची सर्वांत उपयोगी किल्ली येथेच सापडते. एकेका पायरीने तिला पुन्हा बसपर्यंत, मग वर्गाच्या दारापर्यंत, मग शेवटच्या बाकापर्यंत नेणे हा उपाय याच किल्लीतून निघतो.

परंतु त्याच वर्गात मराठी माध्यमातून आलेल्या आणखी चार मुली आहेत आणि त्यांचे पोट दुखत नाही. येथे बोधात्मक दृष्टिकोन, म्हणजे माणूस माहिती कशी हाताळतो आणि तिचा अर्थ कसा लावतो हे पाहणारा, पुढे येतो. शिक्षकांनी प्रश्न विचारला की ही मुलगी प्रथम इंग्रजी वाक्य मनात मराठीत आणते, मग उत्तर शोधते, मग ते इंग्रजीत बांधते, आणि हे चालू असताना "सगळे हसतील" हा विचारही तेथेच घोळत असतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्कालिक स्मृतीची मर्यादा सात अधिक-उणे दोन घटक अशी मांडली, आणि १९७४ मध्ये बॅडली आणि हिच यांनी कार्यकारी स्मृतीचे, म्हणजे माहिती थोडा वेळ धरून तिच्यावर काम करणाऱ्या स्मृतीचे, प्रारूप दिले. त्या अरुंद जागेत भाषांतर, भौतिकशास्त्र आणि भीती अशी तीन बिऱ्हाडे एकाच वेळी राहायला आली, तर शिक्षकांना दिसते ते 'लक्ष नसणे' प्रत्यक्षात जागा नसणे असते. बाकीच्या चौघी हसण्याचा अर्थ वेगळा लावतात, किंवा उत्तर चुकले तरी ते स्वतःच्या लायकीशी जोडत नाहीत. ॲरन बेक यांची उपचारपद्धती अशा अर्थ लावण्यावरच काम करते.

मनोविश्लेषणाबद्दल माझे मत स्पष्ट सांगते. फ्रॉइड यांच्या अनेक कल्पना कसोटीला लावता येत नाहीत, आणि जे कशानेही खोटे ठरू शकत नाही त्याला शास्त्र कसे म्हणावे हा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. तरीही मनाच्या बऱ्याच हालचाली जाणिवेबाहेर घडतात आणि बालपणीचे संबंध पुढच्या नात्यांवर सावली टाकतात, हे दोन धागे वेगळ्या रूपात आणि वेगळ्या पुराव्यांवर टिकून राहिले. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहारातून मतभेदही मांडले, हे पुस्तकात नसेल तर आपल्या वहीत लिहून ठेवा.

मानवतावादाकडून रॉजर्स यांची एक गोष्ट मी रोज वापरते : समोरच्याला अटीविना स्वीकारून ऐकणे. ती मुलगी माझ्यासमोर पहिल्यांदा रडली, ती कोणत्याही तंत्रामुळे नव्हे, तर तिचे दुखणे खरे आहे असे कोणीतरी मान्य केले म्हणून. मॅस्लो यांच्या गरजांच्या श्रेणीबद्दल इतकेच, की त्यांच्या १९४३च्या लेखात तो प्रसिद्ध त्रिकोण नाही. तो पुढे व्यवस्थापनशास्त्रावर लिहिणाऱ्यांनी काढला. खालची पायरी पूर्ण भरल्याशिवाय माणूस वर चढतच नाही, हा अर्थ त्या चित्राने पसरवला. मॅस्लो यांनी इतके ताठर विधान केले नव्हते.

उरला सामाजिक दृष्टिकोन, जो सीमाभागात राहणाऱ्याला शिकवावाच लागत नाही. हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना अगदी क्षुल्लक कारणाने दोन गटांत विभागले, आणि एकमेकांना न पाहताही मुले आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. क्षुल्लक कारणाने हे होते, तर भाषेने काय होत असेल? आपल्याकडे एखादे मूल घरी मराठी, गल्लीत कन्नड, दुकानात उर्दू वळणाची हिंदी आणि वर्गात इंग्रजी वापरते. कोणत्या भाषेत अडखळले की कोण हसते, हे त्याला पाचव्या वर्षीच कळलेले असते. मुलीच्या पोटदुखीत हा थरही आहे, आणि तो तिच्या एकटीच्या डोक्यात शोधून सापडणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. खरे कोणते? सगळेच थोडे थोडे खरे, असे सांगून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही. हे दृष्टिकोन बऱ्याच अंशी वेगवेगळे प्रश्न विचारतात : शरीरात आत्ता काय चालले आहे, हे वर्तन कशामुळे टिकून आहे, ती त्याचा अर्थ काय लावते, तिच्याभोवती कोण आहे. वेगळ्या प्रश्नांची उत्तरे वेगळी असली तर भांडण होत नाही. परंतु जेथे दोन दृष्टिकोन एकाच प्रश्नाला वेगळी उत्तरे देतात, तेथे मात्र निवड करावी लागते, आणि ती आवडीनुसार करायची नसते. आजाराने पोट दुखत असेल तर ते दसऱ्याच्या सुट्टीतही दुखले पाहिजे. भीतीने दुखत असेल तर सुट्टीत थांबून सुट्टी संपण्याच्या आदल्या संध्याकाळी परत आले पाहिजे. म्हणून मी पालकांना तीन आठवडे रोज वेळ, प्रसंग आणि दुखण्याची तीव्रता लिहायला सांगते. त्या साध्या वहीने माझी स्वतःची पहिली अटकळ अनेकदा चुकीची ठरवली आहे.

इतिहासही असा वाचला की उलगडतो. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली, आणि सामान्यतः तेथून स्वतंत्र शास्त्र म्हणून या विषयाची सुरुवात धरतात. प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक चेतकानंतर आपल्या अनुभवाचे निरीक्षण करून सांगायचे, ही अंतर्निरीक्षणाची पद्धत. पुढे संरचनावादी टिचनर यांच्या प्रयोगशाळेतील लोक म्हणत की प्रत्येक विचारासोबत काही ना काही प्रतिमा असते, तर जर्मनीतील वुर्झबर्गचे संशोधक सांगत की प्रतिमेविना विचार असतो. दोघेही प्रशिक्षित, दोघेही प्रामाणिक. कोणाचे बरोबर, हे ठरवायला बाहेरचा साक्षीदारच नव्हता. १९१३ मध्ये वॉटसन यांनी मांडले की सर्वांना दिसेल अशा वर्तनाचाच अभ्यास करावा, ते याच कोंडीतून. आणि भाषेसारखी गोष्ट केवळ चेतक, प्रतिसाद आणि प्रबलन यांवर उभी राहत नाही असा हल्ला भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये स्किनर यांच्या मांडणीवर केला, तेव्हा मनाच्या आतल्या प्रक्रियांकडे अभ्यासक परतले, मात्र या वेळी प्रतिसादाचा वेळ आणि चुकांचे प्रकार असे मोजता येणारे पुरावे हातात घेऊन. हा वाद मुख्यतः पुरावा कशाला म्हणायचे याचा होता, आणि म्हणूनच मी त्याला राजवटी म्हणायला तयार नाही.

पुरावा किती फसवा असतो, हे पाहायचे तर बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याची हकिगत वाचा. तो खुराने जमिनीवर ठोके देऊन गणिताची उत्तरे देत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. योग्य संख्या जवळ आली की विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यावर नकळत सूक्ष्म हालचाल होई आणि घोडा ती टिपत असे. मालक लबाड नव्हता. त्याला स्वतःलाही हे माहीत नव्हते. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, कारण आपल्या मानेची हालचाल आपल्यालाही दिसत नाही.

आणि आपल्या भागात पुराव्याची सुरुवातच शब्दापासून होते. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी एका प्रौढ स्त्रीला मराठीत प्रश्नावली वाचून दाखवत होते. "बेजार होतं," असे ती पुन्हा पुन्हा म्हणाली. माझ्या मराठीत बेजार म्हणजे त्रासून, थकून गेलेली. सासर, कामाचा भार, कोणीतरी दिलेला जाच, अशी माझी विचारांची दिशा ठरली आणि मी तसेच प्रश्न विचारत गेले. तिसऱ्या भेटीत तिच्या भावाशी ती कन्नडमध्ये बोलली तेव्हा मला उमगले की ती हा शब्द कन्नडच्या अर्थाने वापरत होती. कन्नडमध्ये 'बेजारु' म्हणजे उदास वाटणे, कशातच मन न रमणे, कंटाळा येणे. कोणी तिला त्रास देत नव्हते. तिला नैराश्य आले होते. दोन भेटी माझ्यामुळे वाया गेल्या, आणि नैराश्यात दोन भेटी थोड्या नसतात. तेव्हापासून भावनेचा कोणताही शब्द मी गृहीत धरत नाही. उलट काही ठिकाणी दोन्ही भाषा एकाच वाटेने जातात : दुसऱ्याचे बरे पाहवत नाही तेव्हा मराठीत पोटात दुखते आणि कन्नडमध्ये 'होट्टेकिच्चु', म्हणजे पोटात आग, होते.

पुस्तकात 'विश्वसनीयता' आणि 'यथार्थता' असे दोन शब्द भेटतील. तीच प्रश्नावली त्याच स्त्रीला पुन्हा दिली असती तर तिने पुन्हा तेच उत्तर दिले असते, म्हणजे मोजमाप विश्वसनीय होते. पण ते ज्या गोष्टीचे मोजमाप आहे असे मी समजत होते ती गोष्ट ते मोजत नव्हते, म्हणजे यथार्थता नव्हती. या प्रश्नाला आपल्या भागात जुना वारसा आहे. आल्फ्रेड बिने यांनी पॅरिसमध्ये १९०५ मध्ये शाळेत मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. ती जशीच्या तशी आपल्या मुलांना लावणे अन्यायाचे होते. बेळगाव, धारवाड हा भाग मुंबई इलाख्यात होता त्या काळात, १९३०च्या दशकात, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे रूपांतर कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत केले, आणि ते 'मुंबई-कर्नाटक' रूपांतर म्हणून ओळखले जाते. मुलाची बुद्धी मोजायची की त्याची शाळेची भाषा, हा प्रश्न आपल्या मातीत इतका जुना आहे.

दोन भाषांमुळे मुलाची बुद्धी मंदावते, असे एकेकाळी अभ्यासकही मानत. ते अभ्यास बहुधा गरीब, स्थलांतरित द्विभाषक मुलांची तुलना सुस्थितीतील एकभाषक मुलांशी करत. म्हणजे गरिबीचा परिणाम भाषेच्या नावावर लिहिला जाई. सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे (दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही), या वाक्याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. पील आणि लॅम्बर्ट यांनी १९६२ मध्ये माँट्रियल येथे आर्थिक स्थिती समान ठेवून तुलना केली, तेव्हा द्विभाषक मुले उजवी ठरली. भारतात अजित मोहंती यांनी ओडिशातील कंध या आदिवासी समाजातील मुलांच्या अभ्यासात द्विभाषकांच्या बाजूचेच निष्कर्ष मांडले. फायदा किती आणि कशात, यावर आज वाद आहे. नुकसान होते ही समजूत मात्र टिकलेली नाही, आणि तरीही "घरी मराठी बोलणे बंद करा" असा सल्ला पालकांना अजून मिळतो, याचे मला फार वाईट वाटते.

या शास्त्राच्या मर्यादाही पहिल्याच वर्षी समजून घ्या. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत निष्कर्ष सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे केवळ योगायोग म्हणून सोडून देता न येणारा, होता. पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांत आला. २०१० मध्ये हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की 'माणूस' म्हणून ज्याचे वर्णन पुस्तकात येते, तो बहुतांशी पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू समाजातील, बरेचदा महाविद्यालयीन विद्यार्थी असतो. वाचताना प्रत्येक निष्कर्षापाशी विचारत जा : हे कोणावर पाहिले, किती जणांवर, आणि पुन्हा कोणी पाहिले का?

शाखांबद्दल थोडक्यात. विकासात्मक, सामाजिक, बोधात्मक, शारीर, शैक्षणिक, औद्योगिक, चिकित्सालयीन या शाखा म्हणजे वेगळी कामे आहेत, तर वर दिलेले दृष्टिकोन म्हणजे पाहण्याच्या रीती; चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ वर्तनवादी असू शकतो आणि बोधात्मकही. मनोविकारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. डॉक्टर असतो आणि औषधे तो देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी लागते, केवळ एम.ए.वर ती पाटी लावता येत नाही. बेंगळुरूची निम्हान्स आणि धारवाडची डिम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्था, ही आपल्या राज्यातील नावे आत्तापासून लक्षात ठेवा.

मनातले ओळखण्याविषयी घरच्यांना सांगा की मला मनातले ओळखता येत नाही, आणि आपल्याला ते येते असे जे म्हणतात त्यांच्यापासून दूर राहावे. मला विचारता येते, ऐकता येते आणि चुकीचे विचारले असेल तर पुन्हा विचारता येते. हे शिकायला तुम्हाला प्रयोगशाळा लागणार नाही. या आठवड्यात गावातील दहा जणांना एकच प्रश्न अगदी त्याच शब्दांत विचारा : "तुम्ही बेजार झालो असं कधी म्हणता?" तुमच्याकडून उदाहरण देऊ नका, मान हलवू नका, उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. प्रत्येकापुढे वय, घरची भाषा आणि शाळेचे माध्यम नोंदवा. नंतर ती दहा उत्तरे वर्गातील कन्नड घरच्या एखाद्या मैत्रिणीला, नावे आणि बाकीची माहिती झाकून, 'त्रासलेले' आणि 'उदास' अशा दोन गटांत लावायला द्या. तुम्ही स्वतः वेगळे लावा, आणि तुमचे दोघींचे किती ठिकाणी जुळले ते मोजा.